मंगळवारची ओपीडी: बंगळूर, बळ्ळारी आणि एर्वाडीचे सात दिवस

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात हा दौरा झाला. आम्ही पाच जण, सगळेच सार्वजनिक आरोग्याच्या कामातले. भारतात मानसिक आरोग्याचं काम रुग्णालयाच्या भिंतींबाहेर ज्या ठिकाणी आलं, त्यातली काही ठिकाणं पाहायची होती. प्रत्येक ठिकाणी एकच विचारायचं ठरलं होतं. झोप उडाली, जीव नकोसा झाला, घरातलं कुणी स्वतःशीच बोलायला लागलं, तर जायचं कुठे हे इथल्या माणसाला ठाऊक आहे का? लक्षणांची यादी त्याला पाठ आहे का, हे आम्हाला नको होतं. कुठे, कुणाकडे, कोणत्या वारी, एवढंच हवं होतं.

पहिला दिवस, शनिवार: बंगळूर

सकाळी हवेत गारवा होता. इडली-वडा आणि दोन-दोन फिल्टर कॉफ्या पोटात गेल्यावर होसूर रस्त्यावरच्या निम्हान्सला, म्हणजे राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेत, पोहोचलो. या संस्थेचं मूळ एकोणिसाव्या शतकातल्या वेड्यांच्या इस्पितळात आहे. २७ डिसेंबर १९७४ रोजी म्हैसूर राज्याचं मनोरुग्णालय आणि १९५४ सालची अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था एकत्र आल्या आणि निम्हान्स उभी राहिली.

शनिवार निवडला तो तिथल्या मेंदू संग्रहालयासाठी. काचेच्या बरण्यांमधून रक्तस्राव झालेले, गाठी आलेले, अपघातात ठेचले गेलेले मेंदू मांडलेले आहेत. हातमोजे घालून खरा मेंदू हातात घेता येतो. द्रावणात राहिलेला मेंदू रबरासारखा घट्ट लागतो आणि वाटतो त्यापेक्षा जड असतो. माणसाच्या मेंदूचं वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम. शाळेच्या सहलीतल्या एका मुलीनं विचारलं, "यात डिप्रेशनवाला कुठला?" माहिती सांगणाऱ्या बाई म्हणाल्या, "तसा नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाही."

हे उत्तर गावोगावी सांगण्यासारखं आहे. नैराश्य किंवा स्किझोफ्रेनिया (भास आणि भ्रम होणारा आजार) झालेल्या माणसाला घेऊन घरचे आले की पहिली मागणी असते डोक्याचा स्कॅन काढण्याची. स्कॅन नॉर्मल आला की "काहीच नाहीये, नाटक करतोय" असा अर्थ लावला जातो, आणि तिथून त्या माणसाचे हाल सुरू होतात. फिट येणं, डोक्याला मार, हातापायातली ताकद जाणं, तापासोबत अचानक आलेला गोंधळ, किंवा चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदाच वागणं बदलणं, अशा वेळी डॉक्टर स्कॅन सांगतात. एरवी निदान होतं ते बोलण्यातून, वागण्यातून आणि घरच्यांनी दिलेल्या माहितीतून.

*कुणाला घेऊन मानसोपचार ओपीडीला जाणार असाल तर:* जुने सगळे कागद आणि औषधांच्या रिकाम्या पट्ट्यासुद्धा सोबत न्या. रोज त्या माणसासोबत राहणारी व्यक्ती बरोबर हवी. गाडी आहे म्हणून लांबचा भाचा नेऊन उपयोग होत नाही. झोप कधीपासून बिघडली, जेवण किती कमी झालं, काम कधी सुटलं, दारू किती, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का, हे आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवा. पहिल्या भेटीला पूर्ण दिवस जातो असं धरूनच निघा.

आवारात कुटुंबांची ये-जा सतत दिसते. रुग्णासोबत घरच्यांनी राहायचं, ही पद्धत आपल्या देशात रुळली त्याला अमृतसरचे डॉ. विद्यासागर कारण. १९५० च्या दशकात त्यांनी मनोरुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून नातेवाइकांची सोय केली. घरचे डोळ्यांदेखत आजार समजून घेतात आणि घरी गेल्यावर औषध चुकू देत नाहीत, हा अनुभव तिथून पुढे गेला.

रात्रीची हंपी एक्स्प्रेस पकडली.

दुसरा दिवस, रविवार: बळ्ळारी

गाडीतून उतरलो तेव्हा बंगळूरचा गारवा कुठल्या कुठे गेला होता. बळ्ळारीचं ऊन कोरडं, आणि ऐन गावात शेकडो फूट उंच खडकाची टेकडी, तिच्यावर किल्ला. नाश्त्याला ओग्गरणे, म्हणजे फोडणी दिलेले ओले चुरमुरे, आणि सोबत लांब मिरचीची गरम भजी. दुपारी ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कच्चा कांदा. ताटापुरतं सोलापुरात आल्यासारखं वाटलं.

सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्याला बळ्ळारी माहीत असते ती एका प्रयोगामुळे. १९७५ च्या सुमारास बंगळूरजवळ साकलवारा आणि हरियाणात रायपूर राणी इथे, गावपातळीवरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना मानसिक आजार ओळखायला शिकवता येतं का, हे तपासलं गेलं. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. पण संपूर्ण जिल्ह्यात तो चालवून कुणी पाहिला नव्हता. निम्हान्सनं १९८५ पासून पाच वर्षं तो बळ्ळारी जिल्ह्यात चालवला. तेव्हा जिल्ह्याची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास होती. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आणि कर्मचाऱ्यांना आठवडा-दोन आठवड्यांचं प्रशिक्षण, मोजकी औषधं, साधी नोंदवही आणि महिन्याला आढावा, एवढीच सामग्री. याच नमुन्यावर १९९६ मध्ये चार जिल्ह्यांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. आज महाराष्ट्रातल्या जिल्हा रुग्णालयांत जो मानसोपचार कक्ष दिसतो, त्याची मुळं या उन्हात आहेत.

संध्याकाळी तासाभरावरच्या एका गावात पथनाट्य होतं. गावातलेच सहा जण, त्यात दोन शिक्षक आणि एक आशा कार्यकर्ती. मारुतीच्या देवळासमोर सातला सुरुवात, कारण त्याआधी म्हशींच्या धारा असतात आणि साडेआठनंतर माणसं जेवायला उठतात. नाटक बावीस मिनिटांचं. कन्नड आम्हाला तुटपुंजं कळतं, तरी गोष्ट पोहोचली. बाळंतपणानंतर दीड महिना झालेली सून बाळाला जवळ घेत नाही, रडते, रात्र रात्र जागी असते. सासू म्हणते बाहेरचं झालंय, नवरा म्हणतो आळस. शेवटी गावातली नर्स येते.

चांगलं काय होतं, ते सांगतो. फाटके कपडे घालून हसणारा "वेडा" या नाटकात नव्हता. आत्महत्येचा प्रसंग नव्हता. तो मुद्दाम टाळलेला होता, आणि टाळायलाच हवा, कारण पद्धत दाखवली की प्रेक्षकांत बसलेल्या, आधीच खचलेल्या माणसाला ती वाट दिसते. "नैराश्य" हा शब्द पहिल्या पंधरा मिनिटांत एकदाही आला नाही. माणसं बोलतात तेच शब्द होते: झोप नाही, अन्न गोड लागत नाही, अंगात त्राण नाही, छातीत धडधडतं. आणि शेवटच्या संवादात नर्सचं नाव, उपकेंद्र, वार आणि वेळ.

नाटक संपल्यावर मंडळी लगेच सामान आवरत नाहीत. अर्धा तास तिथेच रेंगाळतात. हा अर्धा तास कार्यक्रमपत्रिकेत लिहून ठेवावा इतका मोलाचा आहे. गर्दी पांगल्यावर एक म्हातारे गृहस्थ आशाताईंजवळ आले आणि गुरांच्या औषधाबद्दल बोलू लागले. पाच मिनिटांनी मुलाबद्दल बोलायला लागले.

तिसरा दिवस, सोमवार: प्राथमिक आरोग्य केंद्र

सकाळी नऊला एका प्राथमिक आरोग्य केंद्रात. गाव सांगत नाही, कारण तिथली अडचण कुठल्याही केंद्राची असू शकते.

औषधनिर्मात्यानं कपाट उघडून दाखवलं. वरच्या फळीवर तापाची, रक्तदाबाची, मधुमेहाची औषधं. मधल्या फळीच्या डाव्या कोपऱ्यात बुटाच्या खोक्याएवढी जागा, तिच्यावर पट्टी चिकटवलेली. आत नैराश्यावरचं फ्लुऑक्सेटिन २० मिलिग्रॅम, स्किझोफ्रेनियावरचं रिस्पेरिडोन २ मिलिग्रॅम, औषधानं येणाऱ्या थरथरीवरचं ट्रायहेक्सिफेनिडिल २ मिलिग्रॅम, आणि फिटच्या गोळ्या. रिस्पेरिडोनच्या जागी दोनच पट्ट्या होत्या. मागच्या महिन्यात शेजारच्या गावांत जनजागृती सप्ताह झाला, भाषणं झाली, फेरी निघाली. तिसऱ्या आठवड्यात गोळ्या संपल्या.

असं का होतं, हे त्यानं वहीत दाखवलं. औषधांची मागणी मागच्या तिमाहीतल्या खपावर ठरते. तेव्हा रुग्ण सात होते, म्हणून सातांपुरती औषधं आली. सप्ताहानंतर रुग्ण झाले एकोणीस. आलेला माणूस एकदा रिकाम्या हातानं परत गेला की दुसऱ्यांदा येत नाही, आणि गावात सांगतो तेही "तिथे काही मिळत नाही" असंच. एवढ्या मेहनतीची जागृती उलटी फिरते.

म्हणून हिशेब आधी करायचा. मोहिमेतून ३० नवे रुग्ण येतील असं धरलं आणि प्रत्येकाला रोज एक गोळी, तर महिन्याला ९०० गोळ्या, तिमाहीला २७००. दिवसाला दोन गोळ्या लागणारे निम्मे निघाले तर ४०५०. ही मागणी मोहिमेच्या किमान दोन महिने आधी जिल्ह्याला लेखी जायला हवी. औषध कपाटात आल्याशिवाय भोंगा लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट बसण्याच्या जागेची. या केंद्रात आधी "मानसिक आरोग्य तपासणी" असा फलक लावून व्हरांड्यात टेबल मांडलं होतं. पूर्ण महिन्यात तिथे कुणी बसलं नाही. मग फलक काढला. रक्तदाबाच्या रांगेतच नर्स दोन प्रश्न विचारू लागली: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस किंवा आनंद वाटत नाही, असं किती दिवस झालं? उदास, हताश वाटतं, असं किती दिवस? उत्तर "बरेच दिवस" आलं की आतल्या खोलीत पुढचे सात प्रश्न. नऊ प्रश्नांचे गुण ० ते २७. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरांकडे. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. त्याचं उत्तर शून्य सोडून काहीही आलं तर बेरजेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर.

तो नववा प्रश्न विचारताना नव्या कर्मचाऱ्यांचा आवाज खाली जातो. विचारल्यानं डोक्यात भलतं येईल अशी भीती असते. तसं होत नाही. सरळ, शांतपणे विचारलं की बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. "कधी कधी माणसाला जगणं नको वाटतं, तुम्हाला असं वाटलंय का?" असं विचारावं. उत्तर हो आलं तर एकटं सोडायचं नाही, आणि घरातली कीटकनाशकं आणि जास्तीच्या गोळ्या दुसऱ्याच्या ताब्यात, कुलपात. शेतीच्या गावात हे एक काम जीव वाचवतं.

दुपारी केंद्राच्या ओट्यावर आशाताईंनी आग्रहानं ताक पाजलं. त्या सांगत होत्या की त्यांच्याकडे "हुच्चु", म्हणजे वेड, हा शब्द शिवी म्हणून वापरतात, आणि तो कानावर पडला की घरातली माणसं दार लावून घेतात.

चौथा दिवस, मंगळवार: तालुका रुग्णालय

कर्नाटकात "मनोचैतन्य" योजनेत मंगळवारी तालुका रुग्णालयांत मानसोपचारतज्ज्ञ येतात. वार ठरलेला असण्याचा फायदा मोठा. बाजाराचा वार जसा विचारावा लागत नाही, तसा हाही लागत नाही. बसमध्ये शेजारच्या बाईंना सहज विचारलं, तर म्हणाल्या, "डोक्याचे डॉक्टर? आज आहेत की." सात दिवसांत आमच्या प्रश्नाला मिळालेलं सगळ्यात चांगलं उत्तर हे.

साडेनऊला रांग बाहेरच्या कडुलिंबापर्यंत. एक बाप-लेक भेटले. मुलगा पंचविशीचा, स्किझोफ्रेनियाचं निदान होऊन चार वर्षं झालेली, आता वीटभट्टीवर हजेरी लिहितो. वडिलांच्या खिशात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं पिवळं कार्ड होतं, प्रत्येक भेटीची तारीख निळ्या शाईत, चुकलेल्या तारखांभोवती लाल गोल. पहिल्या वर्षी पाच लाल गोल होते, नंतर एकही नाही. कारण त्यांनीच सांगितलं. पहिल्या महिन्यात मुलाचे हात थरथरायला लागले, मान कडक झाली, आणि औषधानं मुलगा आणखी बिघडला असं वाटून त्यांनी गोळ्या बंद केल्या. हा दुष्परिणाम आहे, त्यावर वेगळी गोळी आहे, डोस कमी करता येतो, हे सुरुवातीला कुणी बोललंच नव्हतं.

औषधं सुटण्याची कारणं दोन ठिकाणी साचतात. पहिलं ठिकाण दुसऱ्या आठवड्याचं. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पण मळमळ आणि बेचैनी पहिल्या आठवड्यातच येते. म्हणजे त्रास आधी, फायदा नंतर. हे पहिल्या दिवशी सांगितलं नाही तर गोळी दहाव्या दिवशी बंद होते. दुसरं ठिकाण तीन महिन्यांनंतरचं: बरं वाटतंय, मग कशाला घ्यायची? नैराश्याच्या पहिल्या झटक्यात पूर्ण बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावं लागतं आणि नंतर डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू कमी करावं लागतं. फिटची गोळी तर एकदम बंद केली की लागोपाठ फिट येऊन जीवावर बेतू शकतं.

पण त्या दिवशी सगळ्यात जास्त खुपलं ते बसचं वेळापत्रक. तीन गावांकडे जाणारी दुपारची गाडी साडेबाराला सुटते आणि त्यानंतरची पाच वाजता. औषधांची खिडकी मात्र बारानंतर वेग घेते. अकरा जण चिठ्ठी घेऊन औषध न घेताच गाडीकडे पळाले, हे आम्ही मोजलं. नर्सला सांगितल्यावर त्यांनी लांबच्या गावांच्या चिठ्ठ्या आधी घ्यायचं ठरवलं, आणि औषधनिर्मात्यानं त्याच दिवशी कागदाचा वेगळा ट्रे ठेवला. खर्च शून्य.

*सोबत ठेवण्यासारखी माहिती:* मानसिक आजारामुळे आलेलं अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर प्रमाणपत्र मिळतं. स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद आणि काम या चार बाबींवर ते मोजतात. त्यामुळे रुग्ण "शहाण्यासारखा बोलतो" म्हणून अर्ज टाळू नका. काम किती सुटलंय हे सांगा.

पाचवा आणि सहावा दिवस: गुंतकल, चेन्नई

बुधवार गाड्या बदलण्यात गेला. गुरुवारी चेन्नईत दमट उकाडा, घामानं वह्या ओल्या झाल्या. किलपॉकच्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेचा इतिहास १७९४ पर्यंत मागे जातो. त्याच संस्थेच्या प्रमुख राहिलेल्या डॉ. शारदा मेनन, देशातल्या पहिल्या महिला मानसोपचारतज्ज्ञ, यांनी १९८४ मध्ये स्कार्फ ही संस्था काढली. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना गोळ्यांच्या पुढे काम, कौशल्य आणि माणसांत परत बसणं लागतं, हा त्यांचा आग्रह. पुदुक्कोट्टै जिल्ह्यात याच संस्थेनं फिरती बस चालवली. बसमध्ये पडद्यावर चेन्नईतले डॉक्टर, आणि पलीकडे औषधांची खिडकी. सल्ला आणि गोळ्या एकाच पायरीवर मिळत असल्यानं बळ्ळारीतल्या त्या अकरा जणांचा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. रात्रीच्या गाडीतून पुदुक्कोट्टै स्टेशन मागे गेलं तेव्हा आम्ही याच हिशेबावर बोलत होतो.

सातवा दिवस, शुक्रवार: एर्वाडी

पहाटे तामिळनाडूतलं रामनाथपुरम. एर्वाडी याच जिल्ह्यात. समुद्राचा खारा वारा, ताडाची झाडं, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मैलोगणती वेडी बाभूळ. फोफावणाऱ्या, आवरता न येणाऱ्या झाडाला आपण मराठीत हेच विशेषण दिलं आहे, हे त्या रस्त्यावर टोचलं.

एर्वाडीचा दर्गा शेकडो वर्षांचा. मानसिक आजार झालेल्यांना इथे आणून ठेवण्याची जुनी रीत आहे, सगळ्या धर्मांची माणसं येतात. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे इथल्या एका खासगी आश्रयगृहाच्या शाकारलेल्या शेडला आग लागली. आतले रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. २८ जणांचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. त्या खटल्याच्या शीर्षकातच "साखळीनं बांधलेले २५" असे शब्द आहेत, कारण मृतांचा आकडा तेव्हा अजून पूर्ण व्हायचा होता.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ९५ कुठल्याही प्रकारे साखळीनं बांधायला मनाई करतं. कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं, आणि तिची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरते. आणि कलम ३० नं या कायद्याची, मानसिक आरोग्याची माहिती लोकांपर्यंत पोहोचवणं सरकारवर बंधनकारक केलंय. जनजागृतीसाठी निधी मागताना या कलमाचा क्रमांक अर्जात लिहा.

*जाणार असाल तर:* डोकं झाकायला रुमाल न्या. कुणाचाही फोटो काढू नका, लांबूनही नाही. आणि इथे आलेल्यांना "हे सोडा, दवाखान्यात जा" असं म्हणू नका. गुजरातमध्ये उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून "दवा आणि दुआ" असा उपक्रम चालला. मुजावर दुआ करतात आणि तेच माणसाला आवारातल्या डॉक्टरांकडे पाठवतात. श्रद्धा सोडायला लावली की माणूस तुम्हालाच सोडतो.

दर्ग्याच्या भिंतीच्या सावलीत आंध्रातून आलेली एक आई बसली होती. सोबत एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, सहा महिन्यांपासून कमी बोलणारी. आईला मोडकं हिंदी येत होतं. गुरुवारची रात्र इथे काढली, आज परत जाणार. गावाजवळ कुठे दाखवलं का, यावर तिनं मान हलवली. कुठे दाखवायचं असतं?

१४४१६. टेली मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, मोफत, वीस भाषांत, मराठीतही. क्रमांक लावला की भाषा निवडायची, मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांना जोडतात आणि जवळचं सरकारी केंद्र सांगतात. आईनं आधी एकच विचारलं, तिकडे तेलुगू बोलतात का. मग स्वतःच्याच फोनवरून लावला. पदराआड धरून सतरा मिनिटं बोलली. मुलगी शेजारी बसून चप्पलच्या अंगठ्याशी खेळत होती, मध्येच एकदा तिनं फोन हातात घेतला आणि दोन शब्द बोलली.

फोन ठेवल्यावर आईनं आमचं पेन मागितलं आणि दर्ग्यातून मिळालेल्या प्रसादाच्या पुडीवर तेलुगूत तीन ओळी लिहिल्या. आम्ही विचारल्यावर बोट ठेवून वाचून दाखवल्या: जिल्ह्याचं सरकारी रुग्णालय, खोली क्रमांक, सोमवार सकाळ.